परखी

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात एका उशीला भोसकत होते.

खरंच सांगते. वडशाला कॉलेजात ॲडमिशन झालेली, सिंदेवाहीवरून बाबांसोबत खोली शोधायला आलेली मी, आणि दिलेल्या पत्त्यावर हे दृश्य. सायकलवर उशा विकणारा माणूस डोक्याला हात लावून उभा, आणि पांढऱ्या बंडीतले एक उंच म्हातारे लोखंडाची वीतभर नळी उशीत खुपसून गोल गोल फिरवताहेत. नळी बाहेर काढली, तळहातावर झटकली. कापसाऐवजी लाल मोज्याचा तुकडा निघाला.

"हा कोणत्या झाडाले लागते बे कापूस?" त्यांनी विचारलं.

उशीवाला म्हणाला, "आता भोक पाडलं तुमी, आता घ्या लागन."

"भोक मी पाडलं. मोजा कोणं भरला?"

बाबा हळूच म्हणाले, दुसरी खोली पाहू. पण मी म्हटलं, नाही, हीच.

तर ते आमचे भाऊ. घरमालक. अख्खी गल्ली त्यांना भाऊच म्हणायची, त्यांची बायकोसुद्धा चिडली की "तुमचे थे भाऊ" असंच म्हणायची. जन्मभर त्यांनी धानाची दलाली केली होती. धानाच्या बाजारात पोतं उघडत नाहीत, तुम्हाला माहीत असेल. नळीसारखी टोकदार परखी पोत्याच्या पोटात मारायची, मूठभर दाणा बाहेर घ्यायचा, उन्हात धरायचा. तो नमुना. नमुना पसंत तर सौदा. आणि नंतर आलेला माल नमुन्यासारखा नसेल तर सौदा मोडला, माल परत, वर दोन शिव्या. ज्या मिलचं काम ते करायचे ती बंद पडली तशी भाऊंनी दलाली सोडली. परखी नाही सोडली. ती बंडीच्या खिशात पेनासारखी असायची, आणि जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी पोतं होती. टरबूज तर सोडाच. सिमेंटची थैली, सोफ्याची गादी, एकदा तर पाहुण्यांनी आणलेला अनारशांचा पुडा, पाहुणे समोर बसलेले असताना.

खोलीचं भाडं विचारलं तर म्हणाले, "आधी एक रात राहून पाहा. पसंत पडली तं भाड्याचं बोलू."

म्हणजे काय? म्हणजे खरंच एक रात्र फुकट. सकाळी दारात हजर. "झोप लागली का? पाणी आलं का? डास किती होते?"

मी आपली गावाकडची पोरगी, म्हटलं, "चांगली आहे खोली, भाऊ. पसंत आहे."

"पंखा कडकड करते रातभर, थे काऊन नाई सांगत? लाजून घेऊन राह्यली का? पोरी, लाजून घेतलेली वस्तू जन्मभर चावते."

आणि स्वतः स्टूलवर चढून पंख्याला तेल घातलं. असा घरमालक मी नंतर नागपुरात शोध शोध शोधला, नाही मिळाला.

पंख्यावरून आठवलं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दुकानात पाटी असते ना, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही', ती पाटी दिसली की भाऊंचं रक्त उसळायचं. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहून मोठ्यानं वाचायचे आणि दुकानदाराला विचारायचे, "आन् माल चांगलाच राहीन, हे कुठी लिहिलं आहे? थे पाटी दाखवा ना." एकदा टेबल फॅन घेतला, तो आठवड्यात जळला, दुकानदारानं पाटीकडे बोट दाखवलं. भाऊ तो फॅन मांडीवर घेऊन एसटीनं गडचिरोलीला ग्राहक मंचात गेले. कंडक्टर नको नको म्हणत असताना फॅनचं तिकीट काढलं, कारण तो "पार्टी" होता. निकाल भाऊंच्या बाजूनं लागला. दुकानदारानं दुसऱ्या दिवशी ती पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला 'उधारी बंद' लिहिलं. भाऊ खूश. म्हणाले, "हे चालते. हे त्याचा हक्क आहे."

आणि हेच मला त्यांचं भारी वाटायचं. त्यांचा कायदा त्यांनाही लागू. काकू, म्हणजे भाऊंची बायको, सांगायच्या, धंदा ऐन भरात असताना त्यांनी गोंदियाकडच्या एका व्यापाऱ्याला ट्रकभर धान लावून दिलं. ट्रक निघून गेल्यावर कळलं की खालची पोती ओली होती. भाऊंनी स्वतः फोन केला, माल वापस पाठवा. व्यापारी म्हणाला, अजून पोती उतरवली पण नाहीत. भाऊ म्हणाले, "म्हणूनच सांगून राह्यलो." त्या सालची दिवाळी आमची कोरडी गेली, हे काकू अजूनही धुसफुसत सांगायच्या.

आता खरी गोष्ट. केसांची.

माझ्या बाजूच्या खोलीत ताई राहायची. झाडीपट्टीतली नटी. दिवाळी ते होळी गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं होतात, त्यांच्या कंपन्यांची ऑफिसं वडशालाच, म्हणून ताई दर हंगामाला नागपूरवरून यायची आणि भाऊंकडेच उतरायची. त्या साली तिला पहिल्यांदा हिरोइनचं काम मिळालं होतं. इतकी वर्षं मैत्रीण, नणंद, मोलकरीण, आणि आता हिरोइन. पोस्टर छापून आलं, त्यावर ताई, कमरेखाली आलेले केस. मी ते पोस्टर माझ्या खोलीत पण लावलं होतं.

आणि टायफॉइड झाला. बरी झाली, पण केस गेले. कंगव्यात मावेनात इतके हातात यायला लागले, शेवटी काकूंनी कात्रीनं उरलेले सगळे सारखे करून दिले. पोलीस भरतीच्या पोरासारखं डोकं.

साडीचा पदर घेऊन काम भागलं असतं, पण नाटकाचा सगळा जीवच केसात होता. सासरचे हाकलून देतात आणि ती भर अंगणात केस मोकळे सोडून शपथ घेते, तिथंच टाळ्या. कंपनीच्या पेटीत जुना विग होता, पण तो घातला की ताई दैत्य दिसायची. आणि आमच्याकडे पहिल्या रांगेतली माणसं स्टेजला नाक लावून बसतात, त्यांना सगळं दिसतं. मालक, म्हणजे नाट्यमंडळाचे मालक, सरळ म्हणाले, "पहिल्या प्रयोगाच्या आधी केस आले तं तू. नाई तं दुसरी पोरगी तयार आहे."

मग मी उडी मारली मधे. वडशात तेव्हा सायबर कॅफे नवीनच होते, आणि कॉलेजात माझ्याइतकं फास्ट टाइप कोणीच करत नव्हतं. ताईला घेऊन गेले. शोध शोध शोधलं आणि एका वेबसाइटवर विग सापडला. फोटोत बाई पाठमोरी बसलेली, केस काळेभोर, कमरेखाली. ताई स्क्रीनला हात लावून म्हणाली, "हेच माये होते."

कॅफेवाल्याच्या कार्डावरून पैसे भरले, ताईनं त्याला रोख दिले. भाऊंना सांगितलं तर त्यांचा जीवच खालीवर. "पाह्यलं नाई, हात लावला नाई, आन् पैसे देऊन आल्या? नमुना कुठी आहे?"

मी म्हटलं, "भाऊ, फोटो आहे ना."

ते थांबले. विचार केला. "फोटो नमुना असते का?"

"असतेच ना. त्याईनंच दाखवला."

"मंग ठीक आहे," भाऊ म्हणाले. "मंग फोटो छापून आण. जपून ठेव."

पार्सल आलं तेव्हा ताई तालमीला गेली होती. मी आणि भाऊ घरी. कुरिअरवाल्यानं डबा दारात ठेवला आणि कागद पुढे केला, सही. भाऊ म्हणाले, वाच. मी वाचलं. लिहिलं होतं, माल चांगल्या स्थितीत मिळाला.

"मिळाला का? मी तं अजून पाह्यलाच नाई."

कुरिअरवाला म्हणाला, "आधी सही, मंग उघडा. सही बिगर उघडता येत नाई, भाऊ."

"उघडून कोण राह्यलं? परखी मारून राह्यलो."

आणि मारली. डब्याच्या कोपऱ्यातून आत, गोल फिरवली, बाहेर. तळहातावर झटकली आणि उन्हात धरली. मी पण वाकले, कुरिअरवाला पण वाकला. भुऱ्या रंगाचे, कुरळे, बोटभर लांब केस.

"काळे का हे?"

कुरिअरवाला म्हणाला, "भुरे आहेत."

"लांब आहेत?"

"नाई जी."

"मंग तुई सही कर," भाऊ म्हणाले आणि त्याच्या कागदावर त्याच्याच पेनानं लिहिलं, 'नमुन्याप्रमाणे नाही. परत.' कुरिअरवाल्यानं खरंच सही केली. डबा सायकलला बांधून गेला. मी तर टाळ्या वाजवल्या. इतकं भारी काही मी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी ताई आली, दारातूनच विचारलं, "आलं का?"

मी सगळं सांगितलं, नक्कल करून. ती हसली नाही. खाली बसली.

"वापस पाठवलं?" ती म्हणाली. "मले न विचारता?"

भाऊ म्हणाले, "बाई, भुरे होते. आखूड होते. फसवणूक होती."

"काळा रंग लावला असता मी. गंगावन जोडलं असतं. काई तं होतं ना डोक्यावर घालाले."

"पण हक्क..."

"मले हक्क नाई पायजे, भाऊ. मले केस पायजेत."

भाऊंनी हातातली परखी खिशात घातली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, उपाशी राहून केस येत असतीन तं मी पण राहीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी माझ्या दारावर थाप. "तुया मोबाइल दे. त्या केसवाल्या कंपनीले लावून दे."

पलीकडे एक मुलगी. हिंदीत. भाऊंची हिंदी म्हणजे धानाच्या ट्रकवाल्यांशी बोलून झालेली हिंदी. "मॅडम, फोटू में काला दिखाए, डब्बे में भूरा भेजे. ये कौनसा धंदा है?"

ती म्हणाली, सर, उघडलेलं प्रॉडक्ट आम्ही परत घेत नाही.

"उघडा नही. परखी मारा."

"सर, परखी मतलब?"

झालं. भाऊंनी तिला पोतं, दाणा, नमुना, सौदा सगळं शिकवलं. माझा बॅलन्स संपत आला, मी खुणा करतेय, ते थांबेनात. शेवटी ती मुलगी हसत असल्याचं मलासुद्धा ऐकू आलं. ती म्हणाली, हमारी पॉलिसी है सर. भाऊ म्हणाले, "पॉलिसी तुमारी, सर किसका गंजा है?" मग आवाज खाली आणून, एकदम गोड, "मैं गडचिरोली के ग्राहक मंच में एक पंखा लेके गया था. मालूम है ना?" त्या बिचारीला कुठून मालूम असणार. पण ती म्हणाली, थांबा, आणि कोणाला तरी विचारून आली. पैसे परत किंवा बदली माल, दोन्हीपैकी काय देता येईल ते कंपनी बघेल.

"कंपनी नही. जिसने पैसा दिया वो बताएगी," भाऊ म्हणाले आणि फोन ताईपुढे धरला.

ताई फोनमधे म्हणाली, "बाल भेज दो. जल्दी."

जल्दी म्हणजे किती, तर मालच संपला होता, यायला वेळ लागणार होता. पहिला प्रयोग तर भाऊबीजेला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "चाल. मालकाकडे जाऊ. थोडं थांब म्हणू त्याले."

ताई, भाऊ आणि मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे टिनाची खोली, भिंतीवर ताईची पोस्टरं, कोपऱ्यात एक जण तबला लावत बसलेला. दुसरी पोरगी पण तिथंच होती, संवादांची वही घेऊन. भाऊ मालकांना समजावताहेत, केस रस्त्यात आहेत, येऊन राह्यले, आणि मालक मान हलवताहेत, तेवढ्यात पहिल्याच प्रयोगाच्या गावचं मंडळ आत आलं. तिघं जण, पुढे एक म्हातारे अध्यक्ष. गाडी कधी पोचेल, मंडप केवढा लागेल, विचारायला आलेले. अध्यक्षांनी भिंतीवरचं पोस्टर पाहिलं. मग ताईचं डोकं पाहिलं. मग पुन्हा पोस्टर.

"हेच का जी थे बाई?"

मालक म्हणाले, "हेच. केस पार्सलनं येऊन राह्यले."

"पार्सलनं?"

अध्यक्ष म्हणाले, "आमी हे पोस्टर पाहून बुकिंग केली, मालक. गावात हेच चिकटवलं. लोक आम्हाले का म्हणतीन? आमचा बयाना वापस द्या."

मालक भाऊंकडे वळले. "सांगा आता. तुमी तं कायद्याचे माणूस."

मला वाटलं, आता भाऊ सुटणार. आता ते या तिघांना असे गुंडाळतील. पण भाऊंनी टोपी काढली, परत घातली.

"हे लोक बरोबर म्हणून राह्यले," ते म्हणाले.

"भाऊ?" ताई म्हणाली.

"बरोबर म्हंजे बरोबर, बाई. नमुना एक आन् माल दुसरा. सकाळी मी त्या केसवाल्या कंपनीले हेच म्हटलं. आता मी कोणत्या तोंडानं पलटू?"

मला तर त्यांना चावावंसं वाटलं. दुसऱ्या पोरीनं वही मिटली. ताई उभी राहिली. "मी का धान आहो, भाऊ? पोत्यात भरून आणली का मले?"

"नाई," भाऊ म्हणाले. "पण बयाना त्याईचा आहे." मग ते अध्यक्षांकडे वळले. "तुमी धान लावता का जी?"

"लावतो ना."

"पोतं वरून पाहून वापस करते का कोणी? परखी न मारता?"

अध्यक्षांचा चेहरा बदलला. "केलं होतं," ते म्हणाले. "एका व्यापाऱ्यानं केलं होतं माझं. वरून पोतं मळलेलं दिसलं म्हणून हात नाई लावला. आत एक नंबर दाणा होता."

"मंग? तुमाले कसं वाटलं?"

अध्यक्षांनी पुन्हा ताईकडे पाहिलं.

"बयाना तुमचा हक्काचा आहे, मी स्वतः काढून देतो मालकाच्या गल्ल्यातून. पण आधी नमुना घ्या. पसंत नाई पडला तं जा."

अध्यक्ष बाकावर बसले. बाकीचे दोघं पण बसले. सगळे ताईकडे पाहायला लागले, आणि ताई भाऊंकडे अशी पाहत होती की मला वाटलं ही आता निघून जाणार. नाही गेली. चप्पल काढली. मधल्या रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली आणि तोच प्रवेश सुरू केला.

सासूशी बोलली, दिराशी बोलली. तिथं सासू नव्हती, टिनाची भिंत होती, पण मला सासू दिसली. मग ती जागा आली. तालमीत रोज करायची तसा तिचा हात मागे गेला, अंबाडा सोडायला. तिथं काहीच नाही. हात हवेत थांबला. दुसऱ्या पोरीनं पुढचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हटलं, ताईला आठवण करून द्यायला. ताईनं ते घेतलं नाही. तिनं तो हात हळूच त्या खुरट्या डोक्यावरून फिरवला, पुढून मागे, आणि म्हणाली,

"केस नेलेत तुम्ही. डोकं अजून माझ्याजवळच आहे."

नाटकात असं वाक्यच नव्हतं.

तबलेवाल्याचा हात थांबलेला. माझ्या अंगावर काटा, आत्ता लिहिताना पण येतोय. अध्यक्षांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

"बयाना राहू द्या," ते म्हणाले. "पण पोस्टर बदला, मालक. लोक जे पाहून येतीन, थेच दिसलं पायजे. मले गावात राहाचं आहे."

मालक म्हणाले, "बिनकेसाची हिरोइन पोस्टरवर?"

"हो. तशीच."

त्याच दुपारी फोटो स्टुडिओत ताईचा फोटो निघाला. पदर खांद्यावर, डोकं उघडं, नजर सरळ कॅमेऱ्यात. ते पोस्टर लागलं आणि गावंच्या गावं लोटली. बाया तर तो एकच प्रवेश पाहायला यायच्या. ताईचं वाक्य पोरं शाळेत म्हणायला लागली. मालकांनी तर नाटकाचं पुस्तकच दुरुस्त करून घेतलं.

विग आला संक्रांतीनंतर. भाऊंनी परखी मारली, उन्हात धरली. काळे, लांब, फोटोसारखेच. ताई म्हणाली, "आता नाई पायजे. वापस करून द्या ना, भाऊ."

"का खराबी आहे?"

"काईच नाई. गरज नाई आता."

"मंग सही करा," भाऊ म्हणाले. "माल नमुन्यावानी आहे. देणाऱ्याचाही हक्क असते, बाई."

दोन दिवस बोलणं बंद होतं दोघांचं. काकूंनी तो विग देवघराशेजारच्या खुंटीला टांगला आणि येणारा प्रत्येक पाहुणा दचकत होता.

आणि होळीच्या आधीचा तो शेवटचा प्रयोग. तोवर ताईचे केस कानावर आलेले, मऊ मऊ, छान दिसायची ती. त्या गावचं मंडळ गाडीचं विचारायला घरी आलं, ताईला पाहिलं आणि आपसात कुजबुजायला लागलं. शेवटी एक जण म्हणाला, "पण पोस्टरवर तं केस नव्हते जी."

भाऊंनी पोस्टर पाहिलं, ताई पाहिली. "बरोबर म्हणून राह्यले," ते म्हणाले.

अर्ध्या तासानं मी चौकातून कॉलेजला जात होते, तर न्हाव्याच्या दुकानात ताई खुर्चीत बसलेली, गळ्याभोवती पांढरं कापड. मागे भाऊ, दोन्ही हातांत पोस्टर धरून उभे. न्हावी कात्री थांबवून विचारतोय, अजून? भाऊ पोस्टरकडे पाहतात, डोक्याकडे पाहतात.

"कानावरचं थोडं अजून."

"भाऊ, डोकं माझं आहे," ताई आरशातून म्हणाली.

"डोकं तुमचंच आहे, बाई. पण पोस्टर त्याईच्या गावात लागलं आहे."

ताईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, डोळे मिटून घेतले आणि न्हाव्याला म्हणाली, "काप रे बापा."